अचूकतेचे सौंदर्य आणि तिचे मौन : तामियाच्या प्रमाणबद्ध प्लास्टिक प्रतिकृतींचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

प्लास्टिकच्या सुट्या भागांपासून विमान, जहाज, रणगाडा किंवा मोटारगाडी यांची प्रमाणबद्ध प्रतिकृती जुळवणे आणि अशा प्रतिकृतींचा संग्रह करणे हा छंद दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत ब्रिटन, अमेरिका आणि जपान या देशांत मोठ्या प्रमाणावर रुजला. या प्रतिकृतींचे संच खेळण्यांच्या दुकानांत विकले जात असल्यामुळे त्यांची गणना सहसा बालरंजनात होते. प्रत्यक्षात या छंदात रमणाऱ्यांमध्ये प्रौढांचा भरणा मोठा आहे, आणि आपल्या कामाविषयी ते जी भाषा वापरतात ती खेळाची नसून अभ्यासाची आहे. त्या भाषेत 'अचूकता' हा सर्वांत वरचा मूल्यवाचक शब्द होय. पंखावरील रिव्हेटांची ओळ योग्य ठिकाणी आहे काय, रणगाड्याच्या मनोऱ्याचा उतार मूळ यंत्राप्रमाणे आहे काय, एखाद्या विशिष्ट वर्षी विशिष्ट तुकडीने वापरलेला हिरवा रंग हाच होता काय, अशा प्रश्नांवर तेथे गंभीरपणे वाद होतात.

ज्या वस्तूचे मूल्यमापन इतक्या कठोर निकषांवर होते, ती वस्तू समीक्षेचा विषय होण्यास निश्चितच पात्र आहे. कोणतीही प्रतिकृती ही मूळ वस्तूचे एक वाचन असते, आणि कोणत्याही वाचनात निवड असते. म्हणून या अचूकतेविषयी दोन प्रश्न उपस्थित होतात. ती नेमकी कशाविषयी आहे? आणि कशाविषयी नाही? जपानमधील तामिया या कंपनीच्या सैनिकी प्रतिकृती मध्यवर्ती धरून आणि आवश्यक तेथे ब्रिटनमधील एअरफिक्स व जर्मनीतील रेव्हेल यांच्याशी तुलना करून या प्रश्नांचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

राखेतून उभा राहिलेला उद्योग

तामियाचे गाव शिझुओका. जपानमधील प्लास्टिक प्रतिकृतींचा उद्योग मुख्यत्वे याच शहरात व त्याच्या परिसरात एकवटला असून तामियाखेरीज हासेगावा, आओशिमा आणि फुजिमी याही कंपन्या तेथील आहेत. १९ व २० जून १९४५ च्या दरम्यानच्या रात्री अमेरिकेच्या बी-२९ विमानांनी या शहरावर आगीचे बॉम्ब टाकले. त्यात सुमारे २,००० नागरिक मृत्युमुखी पडले. त्याच हल्ल्यात दोन बी-२९ विमाने आकाशात एकमेकांवर आदळली आणि त्यांतील २३ अमेरिकी वैमानिक व कर्मचारीही ठार झाले. पुढे शहरालगतच्या शिझुहाता टेकडीवर एका स्थानिक रहिवाशाच्या पुढाकाराने दोन्ही बाजूंच्या मृतांची स्मारके उभी राहिली.

पुढल्याच वर्षी, १९४६ मध्ये, योशिओ तामिया यांनी या शहरात लाकूड कापण्याचा व विकण्याचा व्यवसाय सुरू केला. लाकडाला जोड म्हणून लाकडी प्रतिकृतींचे संच आले. १९५१ मध्ये आगीत लाकडाचा साठा भस्मसात झाल्यानंतर कंपनी हळूहळू प्रतिकृतींकडेच वळली. पुढे प्लास्टिकची लाट आली आणि १९६० मध्ये तामियाने आपला पहिला प्लास्टिक संच बाजारात आणला. तो होता यामातो या युद्धनौकेचा. ही नौका ७ एप्रिल १९४५ रोजी सुमारे ३,००० खलाशांसह बुडाली होती. प्रतिस्पर्ध्याच्या स्वस्त संचापुढे तामियाची यामातो टिकली नाही. मात्र १९६१ मध्ये आलेल्या जर्मन पँथर रणगाड्याच्या संचाने कंपनीला स्थैर्य दिले. योशिओ यांचे पुत्र शुन्साकु तामिया (१९३४–२०२५) हे या वाटचालीचे खरे शिल्पकार होत.

हा तपशील केवळ पार्श्वभूमी म्हणून दिलेला नाही. युद्धात जळालेल्या शहरात, युद्ध संपून पंधरा वर्षेही झालेली नसताना, युद्धयंत्रांच्या देखण्या प्रतिकृती तयार होऊ लागल्या आणि त्या त्याच शहरातील मुलांच्या हाती पडल्या. टेकडीवरील स्मारक मृतांची आठवण ठेवते, तर कारखान्यातील साचा यंत्राची. एकाच शहरात स्मृतीचे हे दोन मार्ग शेजारी शेजारी चालत आले आहेत. प्रतिकृतीच्या अचूकतेचे स्वरूप समजून घेताना हे शेजारपण नजरेआड करून चालत नाही.

प्रमाण : नियम आणि योगायोग

प्रतिकृतीच्या शास्त्रीयतेचा पहिला आधार म्हणजे तिचे प्रमाण. विमानांसाठी रूढ असलेले १:७२ हे प्रमाण ब्रिटिश मापनपद्धतीतून आले. त्यात मूळ सहा फूट म्हणजे प्रतिकृतीवरील एक इंच. १९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये ते प्रचलित झाले. १९४२ मध्ये अमेरिकेच्या नौदलाने शत्रूची व मित्रांची विमाने ओळखण्याच्या प्रशिक्षणासाठी शाळकरी मुलांकडून याच प्रमाणातील ५,००,००० लाकडी प्रतिकृती मागवल्या. म्हणजे या प्रमाणाला प्रथम उपयुक्ततेचे आणि नंतर छंदाचे अधिष्ठान लाभले.

रणगाड्यांसाठी आज जगभर मान्य असलेल्या १:३५ या प्रमाणाची कथा मात्र वेगळी आहे. तामियाचा पँथर मोटारीवर चालणारा होता. त्याच्या पोटात विजेची मोटार आणि दोन बॅटऱ्या मावणे आवश्यक होते, आणि त्यानुसार त्याचे आकारमान ठरले. संच लोकप्रिय झाल्यावर इतर देशांचे रणगाडेही त्याच मापात काढावेत असा विचार पुढे आला. तेव्हा शुन्साकु तामिया यांनी पँथर मोजून पाहिला. तो मूळ रणगाड्याच्या सुमारे पस्तिसाव्या हिश्श्याएवढा भरला. ही हकीकत स्वतः त्यांनीच सांगितली आहे. बॅटरीच्या जाडीने ठरलेले माप पुढे जागतिक प्रमाण बनले, आणि इतर कंपन्यांनीही त्याचाच स्वीकार केला. मोटार काढून टाकल्यानंतरही तामियाच्या अनेक जुन्या संचांत रणगाड्याच्या तळाला मोटारीच्या व्यवस्थेसाठी ठेवलेली छिद्रे तशीच राहिली. ती बुजवणे हे प्रतिकृतिकारांचे एक नित्याचे काम होऊन बसले.

प्रमाणाची मर्यादा आणखी एका ठिकाणी स्पष्ट होते. विमानाच्या पत्र्यांमधील सांधे दाखवण्यासाठी प्रतिकृतीवर बारीक रेषा कोरलेल्या असतात. १:७२ प्रमाणाच्या विमानावरील रेषा ०.२ मिलिमीटर रुंद असेल, तर मूळ विमानावर ती १४ मिलिमीटरांहून अधिक रुंद भेग ठरेल. अशी भेग असलेले विमान कोणी उडवणार नाही. तरीही ती रेषा नसेल तर प्रतिकृती 'खोटी' वाटते. याचा अर्थ असा की, ज्याला अचूकता म्हटले जाते ते बहुतांशी पाहणाऱ्याच्या डोळ्याशी झालेले एक संकेतबद्ध सामंजस्य असते. चित्रकलेतील छायाप्रकाशाप्रमाणे ही कोरीव रेषाही एक संकेतच आहे.

हे ध्यानी यावे म्हणून महाराष्ट्रातील दिवाळीच्या किल्ल्याशी तुलना करता येईल. अंगणात दगड-मातीचा जो किल्ला मुले रचतात, त्यात सिंहासनावरील महाराज दरवाजापेक्षा उंच असतात, मावळा बुरुजाएवढा असतो आणि हळीव वा मोहरी पेरून उगवलेले कोवळे रान मावळ्याच्या छातीपर्यंत येते. कोणालाही ते खटकत नाही, कारण तेथील मापे महत्त्वाच्या क्रमाने ठरलेली असतात. त्या किल्ल्याच्या मध्यभागी माणूस असतो आणि वास्तू त्याच्याभोवती उभी राहते. प्लास्टिकच्या प्रतिकृतीत यंत्र मध्यभागी येते आणि माणसाचे माप यंत्राच्या मापावरून निघते. १:३५ प्रमाणात तो जेमतेम पाच सेंटिमीटर उंच असतो. दोन्ही लघुरूपेच आहेत. परंतु कशाला मोठे मानायचे याविषयीची त्यांची उत्तरे भिन्न आहेत.

खोक्यावरील चित्र

क्लोद लेव्ही-स्त्रोस यांनी १९६२ च्या आपल्या ग्रंथात लघुप्रतिकृतीचा विचार करताना असे प्रतिपादन केले आहे की, आकार लहान झाल्याने वस्तू आधी समग्रपणे आणि मग भागश: कळते; या उलट्या क्रमातच तिचा आनंद असतो. प्लास्टिकच्या संचाला हे विवेचन जसेच्या तसे लागू पडत नाही. खोके उघडल्यावर हाती येतात ते चौकटीला जोडलेले, एकाच रंगाचे शेकडो तुकडे. समग्र वस्तू असते ती केवळ खोक्यावरील चित्रात. म्हणून हे चित्र वेष्टन नसून कलाकृतीचा आवश्यक भाग ठरते. जे संग्राहक संच न उघडताच जपून ठेवतात, त्यांच्यापुरते तर ते चित्र हीच संपूर्ण कलाकृती असते.

तामियाच्या पँथरचे चित्र शिगेरु कोमात्सुझाकी (१९१५–२००१) यांनी काढले होते. युद्धकाळात यंत्रे व शस्त्रास्त्रे यांची चित्रे आणि युद्धानंतर मुलांच्या नियतकालिकांतील साहसकथांची व विज्ञानकथांची चित्रे यांमुळे ते घराघरांत परिचित होते. त्यांच्या खोक्यांवर आग, धूर आणि रणभूमी असे. मात्र १९६८ पासून तामियाने 'मिलिटरी मिनिएचर' ही मालिका सुरू केली आणि तिच्या खोक्यांचे रूप पालटले. शुभ्र पार्श्वभूमी, मध्यभागी रणगाडा, सभोवती दोन-चार सैनिक. त्यांच्यासमोर शत्रू नाही, मागे क्षितिज नाही आणि पायाखाली भूमी असलीच तर नाममात्र. या शुभ्र चित्रांनी तामियाला स्वतंत्र ओळख दिली आणि त्यांचे रेखाटनकौशल्य वादातीत आहे.

ब्रिटनमध्ये एअरफिक्सचे चित्रकार रॉय क्रॉस (१९२४–२०२४) यांची वाटचाल याच्याशी ताडून पाहण्यासारखी आहे. १९६४ पासून त्यांनी एअरफिक्सच्या खोक्यांसाठी काढलेल्या चित्रांत विमान नेहमी कृतीच्या ऐन क्षणी पकडलेले असे. तोफा झडत असत आणि मागे शत्रूचे विमान पेट घेऊन कोसळत असे. पुढे, मुलांच्या खेळण्यांवर हिंसा नको असे वातावरण तयार झाले, तेव्हा नंतरच्या आवृत्त्यांत याच चित्रांतील स्फोट, बॉम्ब आणि ज्वाळा रंगाखाली झाकण्यात आल्या. विमान तेवढे उरले.

झाकण्यामागील सद्हेतू नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याचा परिणाम तपासला पाहिजे. ज्वाळा असलेले चित्र निदान एवढे सांगत होते की, हे यंत्र कोणाला तरी जाळण्यासाठी बनवले आहे. ज्वाळा पुसल्यावर यंत्र निष्पाप झाले. तामियाची शुभ्रताही याच दिशेने काम करते. ती यंत्राला संग्रहालयातील नमुन्याचे, शब्दकोशातील आकृतीचे तटस्थपण देते. हिंसा कमी करण्याच्या प्रयत्नात हिंसेचा उल्लेखच काढून टाकला गेला, आणि उरलेले सौंदर्य अधिक निर्धोकपणे उपभोगता येऊ लागले.

गंज दिसतो, जखम दिसत नाही

प्रतिकृती जुळवून झाल्यावर तिला वापरलेपण देण्याची कला या छंदात विशेष विकसित झाली आहे. पातळ काळपट रंगाचे हात खाचांत उतरवणे, जवळजवळ कोरड्या कुंचल्याने कडा उजळणे, रंग उडालेल्या जागी धातूची चमक दाखवणे, गंजाचे ओघळ, चिखल, धूळ, तेलाचे डाग हे सारे त्यात येते. बेल्जियमचे फ्रान्स्वा व्हर्लिंडेन यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही पद्धत लोकप्रिय केली आणि पुढे स्पेनमधील प्रतिकृतिकारांनी तिला जवळजवळ चित्रकलेच्या पातळीवर नेले. रंगांचे थर देताना 'हा ओघळ कोणत्या दिशेने आला असेल', 'चालक कोठे पाय ठेवून चढत असेल' असा विचार करावा लागतो. एखाद्या कादंबरीकाराने पात्राच्या सवयींचा करावा तसाच हा विचार असतो, आणि त्यातील निरीक्षणशक्तीला दाद दिलीच पाहिजे.

येथेच या कलाप्रकारातील मध्यवर्ती विसंगती प्रकट होते. युद्धाने केलेली झीज, पडलेले खळगे, करपलेला रंग हे सर्व यंत्राच्या अंगावर सूक्ष्मपणे नोंदवले जाते. माणसाच्या अंगावर मात्र त्यातील काहीच उतरत नाही. १:३५ प्रमाणातील सैनिक रांधताना, नकाशा पाहताना, विश्रांती घेताना किंवा नेम धरताना दिसतात. तामियाच्या यादीत गाई-गुरांचासुद्धा एक संच आहे. जखमी, मृत वा बेघर माणूस या प्रमाणात अपवादानेच आढळतो. दु:ख माणसाकडून काढून यंत्राकडे सोपवल्यासारखे होते. रणगाडा जखमी दिसतो. त्यातील पाच माणसे कोठे गेली हा प्रश्न पाहणाऱ्याला पडत नाही.

रोलाँ बार्थ यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'मिथॉलॉजीज' या पुस्तकात खेळण्यांविषयी लिहिताना असे सुचवले आहे की, खेळणी मुलाला प्रौढांचे जग आयतेच देतात आणि त्या जगाची चिकित्सा करण्याऐवजी त्याचा वापर करायला शिकवतात. प्रतिकृतीच्या संचाबाबत हे अर्धेच खरे आहे. संच जुळवणारा केवळ वापरकर्ता नसतो. तो कापतो, घासतो, भेगा बुजवतो, सूचनापत्रकातील चूक ओळखतो. त्याच्या हाताला यंत्राची रचना कळते. परंतु यंत्र कळणे आणि युद्ध कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीचे समाधान दुसरीच्या अभावाची जाणीव होऊ देत नाही.

अचूकतेची अधिसत्ता

'ही केवळ प्लास्टिकची वस्तू आहे, तिच्याकडून इतिहासाची अपेक्षा कशाला?' असा आक्षेप येथे घेतला जाईल. त्याला एक अलीकडील घटना उत्तर देते. २०१८ मध्ये रेव्हेल कंपनीने 'हाउनेबु' नावाच्या जर्मन उडत्या तबकडीचा संच बाजारात आणला. अशी तबकडी नाझी जर्मनीत कधीही अस्तित्वात नव्हती. ती युद्धोत्तर दंतकथा आहे. परंतु खोक्यावरील मजकुरातून ती खरोखर घडल्याचा समज होत होता. ड्रेस्डेन येथील सैनिकी इतिहासाच्या संग्रहालयाने आणि बालसंरक्षणासाठी काम करणाऱ्या संस्थेने हरकत घेतली. नाझींच्या तथाकथित अजिंक्य तंत्रज्ञानाच्या मिथकाला यातून बळ मिळते, असे त्यांचे म्हणणे होते. कंपनीने तो संच मागे घेतला.

या प्रसंगातून एक गोष्ट सिद्ध होते. प्रमाण, भागांचे क्रमांक, खुणा आणि तांत्रिक माहिती यांनी सजलेली वस्तू पाहणाऱ्याला सत्य सांगत असल्याचा दावा करते. दावा नसता तर हरकत घेण्याचे प्रयोजन उरले नसते. आणि जी वस्तू सत्याचा दावा करते, तिने काय सांगितले यासोबत काय गाळले हेही विचारण्याचा अधिकार समीक्षेला प्राप्त होतो.

या कलाप्रकारात गाळलेले पुन्हा आणण्याची क्षमताही आहे, हे नमूद केले पाहिजे. अमेरिकेतील शेपर्ड पेन (१९४६–२०१५) यांनी १९७० च्या दशकात 'डायोरामा' म्हणजे प्रसंगदृश्यांची पद्धत सामान्य छंदप्रेमींपर्यंत पोहोचवली. प्रतिकृती ही एखाद्या कथेतील घटक असावी, तिच्याभोवती प्रसंग असावा, हा त्यांचा आग्रह होता. प्रसंग आला की माणसे येतात. माणसे आली की त्यांच्यावर काय ओढवले हे दाखवण्याची शक्यता येते. युक्रेनमधील कीव्ह येथील मिनीआर्ट ही कंपनी १:३५ प्रमाणात पडकी घरे आणि सामान्य नागरिक यांचे संच काढते. रणगाड्याशेजारी कोसळलेली भिंत आणि तिच्यापुढे उभी असलेली स्त्री ठेवली, तर तोच रणगाडा वेगळे बोलू लागतो. त्याच्या एकाही भागाची अचूकता त्यामुळे कमी होत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील बाबी स्पष्ट होतात. प्रमाणबद्ध प्लास्टिक प्रतिकृतीची अचूकता ही निखळ वस्तुनिष्ठता नसून संकेत, योगायोग आणि निवड यांच्या आधारे घडलेले एक सौंदर्यमूल्य आहे. १:३५ हे प्रमाण आणि कोरीव रेषा ही त्याची ठळक उदाहरणे होत. खोक्यांवरील चित्रांतून आधी शत्रू आणि ज्वाळा, मग भूमी आणि क्षितिज नाहीसे होत गेले, आणि यंत्र त्याच्या प्रयोजनापासून तुटून निव्वळ देखणी वस्तू बनले. वापरलेपणाच्या कलेने यंत्राच्या जखमा टिपल्या, परंतु माणसाच्या जखमांना जागा दिली नाही.

यावरून हा छंद युद्धखोर आहे असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल. महिनोन्महिने एका विमानाच्या तपशिलाचा शोध घेणारा प्रतिकृतिकार त्या विमानाच्या कर्मचाऱ्यांची नावे आणि त्यांचा शेवटही पुष्कळदा जाणून असतो. उणीव आहे ती ज्ञानाची नव्हे, तर त्या ज्ञानाला आकार देणाऱ्या रूपाची. जे त्याला ठाऊक असते ते कपाटातील वस्तूत उतरत नाही. शिझुहाता टेकडीवरील स्मारकात जळालेले नागरिक आणि त्यांना जाळायला आलेले वैमानिक या दोहोंना स्थान मिळाले. त्याच शहरातील कारखान्यांतून निघणाऱ्या प्रतिकृतींत अद्याप या दोहोंपैकी कोणालाही तसे स्थान नाही. या कलाप्रकाराची पुढील प्रगती रिव्हेटांच्या अधिक नेमक्या ओळींवर अवलंबून नाही. अचूकतेच्या कक्षेत माणूस कधी येतो, यावर ती अवलंबून आहे.